लिम्फॅटिक ड्रेनेज मसाज : रीलमधला 'डिटॉक्स' की कॅन्सरनंतरचा खरा उपचार?

सकाळी उठल्यावर सुजलेला चेहरा. मग मानेवरून, जबड्याखालून, कानामागून हलकेच फिरणारी बोटं. आणि पाच मिनिटांनी कॅमेऱ्यासमोर तोच चेहरा, पण जबड्याची रेष स्पष्ट, गाल आत गेलेले. खाली लिहिलेलं असतं, 'शरीरातले टॉक्सिन्स बाहेर काढा'.

इन्स्टाग्रामवर स्किनकेअरचे दोन-चार व्हीडिओ पाहिले की असा एखादा रील समोर येतोच. कुणी दगडी पट्टीने गाल घासतं, कुणी कोरड्या ब्रशने पाय. कुणी गळा, काख, पोट, जांघा अशा सहा ठिकाणी थापट्या मारून 'लिम्फ मोकळी करायला' सांगतं. मोठ्या शहरांतल्या स्पा आणि स्लिमिंग सेंटरमध्ये याच नावाची पॅकेजेस विकली जातात. वजन कमी होतं, पोट सपाट होतं, सेल्युलाइट जातं, प्रतिकारशक्ती वाढते, असे दावे त्यासोबत असतात.

याच नावाचा एक उपचार रुग्णालयांच्या फिजिओथेरपी विभागातही दिला जातो. तिथे येणाऱ्या बाईचा एक हात दुसऱ्यापेक्षा दीडपट जाड झालेला असतो. बांगड्या चढत नाहीत, ब्लाऊजची एक बाही वेगळ्या मापाची शिवावी लागते. ती स्तनाच्या कॅन्सरमधून बरी झालेली असते आणि हाताची ही सूज तिला आता आयुष्यभर सांभाळायची असते.

म्हणजे हा मसाज थोतांड नाही, आणि जादूही नाही. मग तो नेमका काय आहे? कुणाला त्याचा उपयोग होतो, कुणाचे फक्त पैसे जातात आणि कुणाच्या जिवावर बेतू शकतं?

लिम्फ म्हणजे काय?

शरीरात रक्ताचं जाळं असतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच्या जोडीला आणखी एक जाळं असतं, त्याला लसिका संस्था म्हणतात.

रक्त अगदी बारीक केशवाहिन्यांमधून वाहताना त्यातलं थोडं पाणी, प्रथिनं आणि इतर घटक आजूबाजूच्या पेशींमध्ये झिरपतात. हे झिरपलेलं पाणी तिथेच साचलं तर अंग सुजेल. म्हणून लसिकावाहिन्या ते गोळा करतात. या द्रवालाच लसिका किंवा लिम्फ म्हणतात. दिवसाला असा काही लिटर द्रव गोळा होऊन छातीच्या वरच्या भागात, गळपट्टीच्या हाडामागे असलेल्या मोठ्या शिरांमध्ये पुन्हा रक्तात मिसळतो.

वाटेत ठिकठिकाणी लसिका ग्रंथी असतात. मान, काख, जांघ इथे त्या जास्त संख्येने आढळतात. जंतू, मेलेल्या पेशी, कॅन्सरच्या पेशी यांची तपासणी या चौक्यांवर होते. म्हणूनच घसा बसला की मानेला गाठ येते.

रक्ताला ढकलायला हृदय आहे, लिम्फला असा एकच मोठा पंप नाही. लसिकावाहिन्या स्वतः आकुंचन पावतात. त्यांच्यात एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा असतात. आपण चालतो, हात-पाय हलवतो, खोल श्वास घेतो, तेव्हा स्नायूंचा दाब पडून हा द्रव पुढे सरकतो. निरोगी माणसात हे काम चोवीस तास आपोआप चालू असतं. रीलमध्ये सांगतात तशी ती 'तुंबत' नाही.

ती तुंबते ती वाहिन्या किंवा ग्रंथी खराब झाल्यावर किंवा काढून टाकल्यावर. त्यातून हाता-पायाला जी कायमची सूज येते, तिला लिम्फेडेमा म्हणतात.

हा मसाज आला कुठून?

सुजलेले हात-पाय चोळून आणि पट्ट्या बांधून उतरवायचा प्रयत्न युरोपात एकोणिसाव्या शतकापासून होत होता. ऑस्ट्रियन शल्यचिकित्सक अलेक्झांडर फॉन विनिवार्टर यांनी तेव्हा हलका मसाज आणि दाब देणाऱ्या पट्ट्या यांचा एकत्र वापर केला होता.

आज 'मॅन्युअल लिम्फ ड्रेनेज' म्हणून जे ओळखलं जातं, त्याचं श्रेय मात्र डेन्मार्कच्या एमिल आणि एस्ट्रिड व्होडर या दाम्पत्याला दिलं जातं. १९३० च्या दशकात ते फ्रान्समध्ये कान इथे काम करत होते. सतत सर्दीने त्रासलेले, हवापालटासाठी आलेले लोक त्यांच्याकडे यायचे. त्यांच्या मानेतल्या ग्रंथी सुजलेल्या असायच्या. त्या काळी ग्रंथींना हात लावू नये असं मानलं जायचं. व्होडर यांनी तिथे अगदी हलक्या, गोलाकार हालचाली करून पाहिल्या. १९३६ मध्ये त्यांनी ही पद्धत पॅरिसमध्ये आरोग्य आणि सौंदर्य या विषयावरच्या प्रदर्शनात मांडली.

म्हणजे सौंदर्य आणि उपचार या दोन्ही गोष्टी या मसाजला सुरुवातीपासूनच चिकटलेल्या आहेत.

पुढे जर्मनीत मिखाएल आणि एथेल फोल्डी या डॉक्टर दाम्पत्याने त्याला वैद्यकीय शिस्त दिली. नुसता मसाज पुरेसा नाही, हे त्यांनी ओळखलं. मसाज, पट्ट्या, व्यायाम आणि त्वचेची निगा अशा चार भागांचा उपचार त्यांनी रूढ केला. जगभरात लिम्फेडेमासाठी आजही मुख्यतः हाच चौपदरी उपचार वापरला जातो.

तो करतात कसा?

मालीश म्हटलं की आपल्याकडे तेल, जोर आणि रगडणं डोळ्यांसमोर येतं. हा मसाज त्याच्या अगदी उलट आहे. लसिकावाहिन्यांचं सर्वांत बारीक जाळं त्वचेच्या लगेच खाली असतं. जोरात दाबलं की ते चेपतं. त्यामुळे त्वचा थोडी ताणली जाऊन सरकेल, एवढाच दाब दिला जातो. दुखलं, लाल झालं, काळंनिळं पडलं तर ते चुकीचं आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे क्रम. हात सुजला असला तरी सुरुवात हातापासून होत नाही. ट्रॅफिक जॅम सोडवताना आधी पुढचा चौक मोकळा करावा लागतो, मग मागची वाहनं सरकतात. तसंच इथे आधी मान आणि धडाकडचा भाग, मग दंड, मग कोपर, मग मनगट असं काम चालतं. काखेतल्या ग्रंथी काढलेल्या असतील तर द्रव दुसऱ्या बाजूच्या काखेकडे किंवा त्याच बाजूच्या जांघेकडे वळवला जातो. कुठला रस्ता बंद आहे आणि कुठला सुरू, हे माहीत असल्याशिवाय हे जमत नाही.

एक सत्र साधारण पाऊण तास ते तासभर चालतं. उपचाराच्या पहिल्या टप्प्यात काही आठवडे जवळपास रोज सत्र होतं आणि प्रत्येक सत्रानंतर अनेक थरांची पट्टी बांधली जाते. दुसरा टप्पा घरचा. त्यात दाब देणारी बाही किंवा मोजा रोज घालायचा, व्यायाम करायचा आणि त्वचा जपायची.

कॅन्सरनंतर याचा खरंच उपयोग होतो का?

स्तनाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया करताना अनेकदा काखेतल्या लसिका ग्रंथीही काढाव्या लागतात. रेडिएशनमुळेही त्या भागातल्या वाहिन्या खराब होऊ शकतात. २०१३ मध्ये 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी' या नियतकालिकात अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यानुसार काखेतल्या ग्रंथी मोठ्या प्रमाणात काढलेल्या स्त्रियांपैकी सुमारे २० टक्के स्त्रियांना हाताची सूज आली. फक्त एक-दोन ग्रंथी तपासणीसाठी काढल्या असतील तर हे प्रमाण ६ टक्क्यांच्या आसपास होतं.

भारतात स्तनाचा कॅन्सर हा स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कॅन्सर आहे. 'ग्लोबोकॅन'च्या २०२२ च्या अंदाजानुसार देशात त्या वर्षी सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले. उशिरा निदान झालं की ग्रंथी जास्त काढाव्या लागतात, आणि भारतात निदान उशिरा होण्याचं प्रमाण मोठं आहे. त्यामुळे सुजलेला हात घेऊन जगणाऱ्या स्त्रियांची संख्या छोटी असणं शक्य नाही.

त्यांना या मसाजचा किती फायदा होतो? वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या कोक्रेन या संस्थेने २०१५ मध्ये याचा आढावा घेतला. त्यात ६ चाचण्या आणि मिळून २०८ रुग्ण होते. निष्कर्ष असा की फक्त दाबाच्या पट्ट्या बांधल्याने सूज सुमारे ३० ते ३९ टक्के कमी झाली. पट्ट्यांच्या जोडीला मसाज दिल्यावर त्यात साधारण ७ टक्क्यांची भर पडली. हा जादा फायदाही सौम्य ते मध्यम सूज असलेल्यांमध्येच दिसला. मसाज सुरक्षित असल्याचंही या आढाव्यात आढळलं.

आकड्यांचा अर्थ सरळ आहे. मसाज मदत करतो, पण मुख्य काम पट्टी करते. मसाजने सरकवलेला द्रव पट्टी नसेल तर पुन्हा खाली उतरतो. कॅमेऱ्यासमोर पट्टी काही छान दिसत नाही. उकाड्यात ती बांधून बसणं हा तर त्रासच. पण उपचाराचा कणा तीच आहे.

व्यायामाचंही तसंच. कॅन्सरच्या शस्त्रक्रियेनंतर 'त्या हाताने जड उचलू नका' असा सल्ला वर्षानुवर्षं दिला जायचा. २००९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये १४१ स्त्रियांवरचा एक अभ्यास छापून आला. हळूहळू आणि देखरेखीखाली वजन उचलण्याचा व्यायाम केल्याने त्यांची सूज वाढली नाही, उलट सूज एकदम बळावण्याचे प्रसंग कमी झाले.

विदर्भाशी याचा काय संबंध?

लिम्फेडेमाचं आणखी एक मोठं कारण महाराष्ट्राच्या ओळखीचं आहे, ते म्हणजे हत्तीरोग. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, नागपूर या पट्ट्यात हा आजार पिढ्यानपिढ्या आहे. घाणेरड्या पाण्यात वाढणारा क्युलेक्स डास त्याचे सूक्ष्म जंत पसरवतो. हे जंत थेट लसिकावाहिन्यांमध्ये घर करतात आणि त्या निकामी करतात. जोडवी, पैंजण आधी घट्ट होतात, मग चप्पल चढेनाशी होते. पुरुषांमध्ये अंडवृद्धीही होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार हत्तीरोगामुळे जगभरात सुमारे दीड कोटी लोक लिम्फेडेमासह जगत आहेत. भारताने २०२७ पर्यंत या आजाराच्या दुरीकरणाचं उद्दिष्ट ठेवलं आहे. त्यासाठी घरोघरी जाऊन गोळ्या खाऊ घालण्याची मोहीम होते. तीन औषधांची एकत्रित मात्रा देणं देशात ज्या जिल्ह्यांपासून सुरू झालं, त्यांत २०१९ च्या सुरुवातीला नागपूरचा समावेश होता.

पण गोळ्या नवा संसर्ग रोखतात. एकदा सुजलेला पाय त्या पूर्ववत करत नाहीत. अशा रुग्णांसाठी जागतिक आरोग्य संघटना जे सांगते ते अगदी साधं आहे. पाय रोज साबणाने धुवा, बोटांमधली जागा कोरडी करा, चिरा आणि जखमांवर औषध लावा, बसताना-झोपताना पाय उंचावर ठेवा, घोट्याचा व्यायाम करा, नीट चप्पल घाला. कारण सुजलेल्या पायाच्या चिरांमधून जंतू शिरले की थंडी वाजून ताप येतो, पाय लाल होतो आणि प्रत्येक झटक्यानंतर सूज आणखी वाढते. सरकारी कार्यक्रमातून टब, मग, साबण, टॉवेल, मलम असा संच दिला जातो तो याचसाठी.

मसाजचं यात काय स्थान? केरळमध्ये कासरगोड इथल्या 'इन्स्टिट्यूट ऑफ अप्लाइड डर्मेटॉलॉजी' या संस्थेने हत्तीपायाच्या रुग्णांसाठी एक एकत्रित उपचार विकसित केला. त्यात त्वचेची स्वच्छता, आयुर्वेदिक औषधं, योगासनं आणि श्वसन, भारतीय पद्धतीचा लिम्फ ड्रेनेज मसाज आणि पट्ट्या हे सगळं येतं. रुग्णाला आणि घरच्यांना ते शिकवलं जातं, म्हणजे गावी परतल्यावर उपचार सुरू राहतो. महागड्या स्पाशिवाय हा मसाज खेड्यातल्या माणसापर्यंत पोहोचू शकतो, याचं हे उदाहरण आहे.

मग चेहरा बारीक दिसतो तो कसा?

रीलमधला फरक दरवेळी खोटा नसतो. रात्रभर आडवं झोपल्याने, आदल्या दिवशी खारट खाल्ल्याने किंवा झोप कमी झाल्याने चेहऱ्यात थोडं पाणी साठतं. हलक्या हाताने ते सरकवलं तर सूज लवकर उतरते. पण तसंही उठून बसल्यावर, हिंडल्या-फिरल्यावर तासा-दोन तासांत ती आपोआप उतरणारच असते. शिवाय कॅमेऱ्याचा कोन, उजेड आणि उचललेली हनुवटी यांचाही हातभार असतो.

वजनाचंही असंच. मसाजने चरबी वितळत नाही. चरबी पेशींमध्ये साठलेली असते, ती लसिकावाहिन्यांतून ढकलून बाहेर काढता येत नाही. सत्रानंतर लघवीला जास्त झालं तर काटा थोडा खाली दिसेल, पण ते पाण्याचं वजन असतं. दोन ग्लास पाणी प्यायलं की परत येतं. सेल्युलाइट कायमचं जातं याचाही भक्कम पुरावा नाही.

आणि 'टॉक्सिन्स'? कुठलं टॉक्सिन, किती होतं आणि किती गेलं, हे या जाहिराती कधीच सांगत नाहीत. शरीरातल्या नको असलेल्या पदार्थांचा निचरा करण्याचं काम मुख्यतः यकृत आणि मूत्रपिंडं करतात. लिम्फ शेवटी रक्तातच मिसळते, ती शरीराबाहेर जात नाही. मसाजने तिला 'बाहेर काढणं' शक्यच नाही.

हलका स्पर्श, शांत खोली, तासभर फोनपासून सुटका यामुळे बरं वाटतं, हे मात्र खरं आहे. निरोगी माणसाने त्यासाठी पैसे खर्च केले तर तो त्याचा प्रश्न. फक्त त्याला उपचार म्हणू नये.

प्लास्टिक सर्जरीनंतर हा मसाज करतात, ते योग्य आहे का?

लायपोसक्शन किंवा पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर हा मसाज घेण्याची पद्धत ब्राझीलमध्ये फार रूढ आहे. तिथूनच तो सेलिब्रिटींमार्फत जगभर लोकप्रिय झाला. काही सर्जन सूज आणि दुखणं कमी व्हावं म्हणून तो सुचवतात. पण याबाबतचा पुरावा मर्यादित आहे आणि तो कधी सुरू करायचा, हे सर्जननेच ठरवायचं असतं.

न भरलेल्या टाक्यांच्या जागा दाबून पाणी काढणं, जोर लावून रगडणं हे प्रकार धोक्याचे आहेत. त्याने जखम उघडू शकते आणि जंतुसंसर्ग होऊ शकतो.

हा मसाज कुणासाठी धोकादायक आहे?

पहिला धोका पायातल्या रक्ताच्या गुठळीचा. पायाच्या खोल शिरेत गुठळी झाली असेल तर एकच पाय सुजतो, पोटरी दुखते, गरम लागते. अशा पायाला मसाज केला तर गुठळी सुटून फुप्फुसात जाऊन अडकू शकते. त्यात जीव जाऊ शकतो. लांबचा प्रवास, मोठी शस्त्रक्रिया, प्लास्टर, कॅन्सर आणि बाळंतपण यानंतर अशी गुठळी होण्याची शक्यता वाढते.

आपल्याकडे बाळंतिणीला मालीश करण्याची जुनी पद्धत आहे. एरवी त्यात वावगं काही नाही. पण बाळंतपणानंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत, विशेषतः सिझेरियन झालेलं असेल आणि एकच पाय सुजून दुखत असेल, तर मालीशवाल्या बाईंच्या आधी डॉक्टरांना बोलवायला हवं.

दुसरा धोका हृदयाच्या रुग्णांना. हृदय अशक्त असेल तर पायांत साठलेलं पाणी मसाजने एकदम रक्तात ढकलल्यावर त्या हृदयावर आणखी भार येतो आणि दम लागू शकतो. मूत्रपिंडं निकामी झालेल्यांनाही हाच इशारा लागू होतो.

तिसरा धोका संसर्गाचा. सुजलेला भाग लाल, गरम झाला असेल आणि ताप असेल, तर आधी अँटिबायोटिक्स लागतात. संसर्ग आटोक्यात येईपर्यंत मसाज थांबवावा लागतो.

मानेचा मसाज करतानाही जपावं लागतं. मानेत मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या असतात. वयस्कर लोकांमध्ये त्यात चरबीचे थर असू शकतात. थायरॉइडचा त्रास असेल तरीही आधी विचारून घ्यावं.

आणि कॅन्सर? मसाजने कॅन्सर पसरतो, अशी भीती अनेकांना वाटते. त्याला ठोस पुरावा नाही. तरीही उपचार चालू असताना किंवा गाठ शरीरात असताना ऑन्कॉलॉजिस्टला विचारल्याशिवाय मसाज घेऊ नये आणि गाठीच्या जागेवर तर मुळीच नाही.

खरा धोका उशिराचा

हे सगळे धोके तुलनेने कमी लोकांना आहेत. त्याहून मोठा धोका म्हणजे सूज हे आजाराचं लक्षण असताना ती मसाजने दडवत राहणं.

रोज सकाळी डोळ्यांभोवती सूज येत असेल तर ती मूत्रपिंडाच्या विकाराची सुरुवात असू शकते. दोन्ही पाय संध्याकाळी सुजत असतील तर हृदय, यकृत, थायरॉइड, रक्तक्षय यांपैकी काहीही कारण असू शकतं. रक्तदाबासाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या ॲम्लोडिपिन या गोळीनेही काही जणांचे घोटे सुजतात. अशा वेळी गोळी बदलल्यावर सूज उतरते, मसाजने नाही.

मानेतली गाठ तर भारतात कधीच हलक्यात घेऊ नये. तिला 'तुंबलेली लिम्फ' समजून रोज चोळणारे लोक आहेत. पण आपल्याकडे मानेतल्या गाठींचं एक मोठं कारण टीबी आहे. जुनी माणसं ज्याला गंडमाळ म्हणायची, तो बहुतेकदा हाच ग्रंथींचा टीबी. औषधांनी तो पूर्ण बरा होतो. काही वेळा अशी गाठ लिम्फोमाची, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कॅन्सरचीही असते. दोन-तीन आठवड्यांत न जाणारी, वाढत जाणारी, न दुखणारी गाठ असेल किंवा सोबत ताप, रात्रीचा घाम, वजन घटणं असेल तर थेट डॉक्टरकडे जावं.

कायदा काय सांगतो?

औषधं आणि जादूई उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींबद्दलचा कायदा १९५४ चा आहे. त्यानुसार लठ्ठपणा, कॅन्सर यांसारखे अनेक विकार बरे करण्याचा दावा करत औषधांची जाहिरात करायला मनाई आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध तक्रार करता येते. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने आरोग्याविषयी बोलणाऱ्या इन्फ्लुएन्सर्ससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. आरोग्यतज्ज्ञ म्हणून माहिती देणाऱ्यांनी आपली पात्रता सांगावी, आणि स्वतःला तज्ज्ञ म्हणवणाऱ्या इतरांनी आपलं म्हणणं वैद्यकीय सल्ल्याला पर्याय नाही हे स्पष्ट करावं, असं त्यात म्हटलं आहे. पण रोज टाकल्या जाणाऱ्या हजारो रील्सवर लक्ष ठेवणं अवघड आहे.

'लिम्फॅटिक थेरपिस्ट' ही पाटी वाचून त्या माणसाचं शिक्षण कळत नाही. महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टची नोंदणी राज्याच्या ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपी परिषदेकडे होते. स्पामध्ये मसाज करणाऱ्याकडे अशी नोंदणी असेलच असं नाही.

पैसे देण्याआधी काय विचारायचं?

सूज कशामुळे आहे, याचं निदान डॉक्टरांनी केलं आहे का? मसाज करणारी व्यक्ती नोंदणीकृत फिजिओथेरपिस्ट आहे का आणि लिम्फेडेमाचं वेगळं प्रशिक्षण तिने घेतलं आहे का? सुरू करण्याआधी हृदय, मूत्रपिंड, गुठळी, गरोदरपण, कॅन्सर याबद्दल तिने विचारलं का? मसाजनंतर पट्टी, व्यायाम आणि त्वचेची निगा याबद्दल ती बोलते का?

शेवटचे दोन प्रश्न सर्वांत महत्त्वाचे. काही न विचारता टेबलावर झोपवणारी आणि पट्टीचं नावही न काढणारी जागा लिम्फेडेमाच्या रुग्णासाठी नाही.

कॅन्सरची शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांनी सूज दिसायची वाट पाहू नये. अंगठी किंवा बांगडी घट्ट होणं, हात जड वाटणं, बाही रुतणं ही सुरुवातीची खूण आहे. याच टप्प्यावर उपचार सुरू झाले तर ते सर्वाधिक लागू पडतात. त्या हाताला चिरणं, भाजणं, डास चावणं टाळावं. वजन आटोक्यात ठेवावं. दाबाची बाही वापरत असाल तर ती साधारण सहा महिन्यांनी बदलावी लागते, कारण ती सैल पडली की दाब मिळत नाही.

अडचण इथेच आहे. पट्ट्या आणि बाह्या पुन्हा पुन्हा विकत घ्याव्या लागतात आणि प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट मुख्यतः मोठ्या शहरांत असतात. गडचिरोलीच्या एखाद्या गावातून आठवडाभर रोज सत्राला येणं ही मजुरी बुडवण्याची गोष्ट आहे. ज्याला या उपचाराची गरज नाही त्याच्या फोनवर तो दिवसातून दहा वेळा येतो. ज्याला गरज आहे, त्याला अनेकदा असा काही उपचार असतो हेच कुणी सांगितलेलं नसतं.

पुढच्या वेळी असा रील समोर आला तर तो शेअर करण्याआधी ओळखीतली एखादी मावशी किंवा काकू आठवून पाहायला हरकत नाही, जिचं ऑपरेशन झालंय आणि जी हल्ली एका हातात बांगड्या घालत नाही. फिजिओथेरपी विभागाचा पत्ता तिला जास्त उपयोगी पडेल.